कल्याणच्या पुढचे फोटो

बदलापूर पूर्वेच्या बाजारपेठेचा १९९५ सालच्या सुमाराचा एक साधा फोटो मला हवा होता. दुकानांच्या पाट्या, रस्ता, येणारी-जाणारी माणसं, एवढंच. ओळखीच्या घरांत विचारलं. अल्बम सगळ्यांनी हौसेने काढून दिले. त्यांत बारशी होती, मुंजी होत्या, माथेरानची सहल होती, गणपतीपुढे दाटीवाटीने बसलेलं अख्खं घर होतं. बाजारपेठ मात्र नव्हती. एका वरातीच्या फोटोत घोड्याच्या मागे किराणा दुकानाची अर्धी पाटी दिसली, तेवढीच. त्या काळी रोल महाग होता, रस्त्यावर कोण वाया घालवणार, हे समजण्यासारखं आहे. पण त्याच रस्त्याचा २०१५ सालचा फोटो मागून बघा. तोही चटकन हाती लागत नाही, आणि तोवर तर खिशाखिशात कॅमेरा आलेला होता.

हौशी फोटोग्राफीवर बोलणं निघालं की गाडी कॅमेऱ्यांवरच घसरते. कोणता घेतला, केवढ्याला पडला, लेन्स कोणती, हे सगळं रंगतं. या कॅमेऱ्यांनी उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या तीन गावांचं काय टिपून ठेवलं, हे सहसा कोणी विचारत नाही. माझ्या मते फार थोडं टिपलं, आणि त्यात कॅमेऱ्याचा दोष सगळ्यात कमी.

रोलच्या काळापासून सुरुवात करू. मध्यमवर्गीय घरात आलेला पहिला कॅमेरा बहुधा आग्फाचा ‘क्लिक थ्री’ असे. तो बडोद्यात बनायचा. १२० चा रोल, चौकोनी बारा फोटो, आणि जुळवाजुळव म्हणजे ऊन की ढग एवढीच. ब्लॅक अँड व्हाइटसाठी उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचे ‘इंदू’ रोल मिळत. पुढे कलर आलं, ऐंशीच्या दशकात ‘हॉट शॉट’ आला, आणि ज्याला जरा जास्त कळतं असा समज होता त्याच्याकडे यशिका. छत्तीसचा रोल हुशारीने भरला तर सदतिसावा फोटोही निघायचा, आणि तो निघाला की आपण कंपनीला फसवल्यासारखा आनंद व्हायचा. गणपतीत भरलेला रोल दिवाळीत संपे. मग तो ‘धुवायला टाकायचा’, चार दिवसांनी पाकीट आणायचं, आणि दुकानातच उभ्या-उभ्या बघायचं की किती आले, किती हलले, किती जळले.

या कंजूसपणाचा एक फायदा होता, तो आता जाणवतो. पाकिटात निगेटिव्ह परत मिळत, त्या कपाटात राहत, आणि अल्बममध्ये फोटोखाली कोणी ना कोणी साल लिहून ठेवत असे. अंबरनाथला कारखान्यांत पाळीने काम करणाऱ्यांत ही हौस असलेले बरेच भेटत. दुसरी पाळी असली की सकाळ मोकळी मिळायची, आणि फोटोला तर सकाळचंच ऊन हवं. त्यांच्याकडचे फोटो आजही शोधून सापडतात. स्टुडिओवाल्यांचं तसं झालं नाही. स्टुडिओ बंद पडला की निगेटिव्हचे डबे भंगारात जात. गंमत अशी की १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार, वेगळा करार केलेला नसेल तर, पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोची मालकी गिऱ्हाइकाची असते. गिऱ्हाइकाला ते कधी ठाऊक नव्हतं, आणि स्टुडिओवाल्यालाही त्याची गरज पडली नाही.

या पट्ट्यात फोटो काढायची एक जुनी, मानाची जागा आहे ती म्हणजे अंबरनाथचं शिवमंदिर. इथे नोंद करायला माणसं आली ती दीडशे वर्षांपूर्वी. १८६८ साली सरकारने मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतली मंडळी पाठवून इथल्या नक्षीकामाचे साचे आणि चित्रं करून घेतली. मंदिरातल्या शिलालेखाचं साल डॉ. भाऊ दाजी लाड यांनी शके ७८२ वाचलं होतं. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी ते ९८२, म्हणजे इसवी सन १०६० असल्याचं दाखवलं, आणि आज तेच धरलं जातं. एका झिजलेल्या आकड्याने मंदिर दोनशे वर्षांनी म्हातारं करून ठेवलं होतं. योगायोग असा की भाऊ दाजींचे भाऊ नारायण दाजी हे १८५४ साली निघालेल्या बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटीच्या काळातले नावाजलेले फोटोग्राफर होते.

आजचा हौशी माणूस या मंदिरात पहिल्यांदा कॅमेरा घेऊन जातो तेव्हा एक गोष्ट हमखास घडते. दगड काळाकुळकुळीत बेसाल्टचा, आणि फोटोत तो येतो राखाडी, भिंतीला चुना फासल्यासारखा. कॅमेऱ्याचं मीटर समोरच्या प्रत्येक गोष्टीला मध्यम करड्या रंगाची समजून उजेड मोजतं. काळ्या दगडासमोर त्याला वाटतं अंधार आहे, म्हणून ते जास्त उजेड आत घेतं. दगडाचा काळेपणा जातो आणि मागचं आभाळ पार पांढरं होतं. एक्सपोजर मुद्दाम एक स्टॉप खाली उतरवलं की दगड पुन्हा दगड दिसायला लागतो. दुसरी गोष्ट वेळेची. मंदिर पश्चिमाभिमुख आहे, त्यामुळे दर्शनी बाजूवर ऊन येतं ते दुपार कलल्यावर. सकाळी येऊन दारासमोर उभं राहणाऱ्याच्या पदरी सावली पडते. सकाळी मागच्या बाजूला जावं. तिथे ऊन भिंतीला घासून तिरकं येतं, आणि एरवी सपाट वाटणाऱ्या मूर्तींचे गुडघे, कोपर, दागिन्यांचे पदर एकदम उठून येतात. बाराच्या उन्हात हेच सगळं पुन्हा दगडात विरतं. गाभारा पायऱ्या उतरून खाली आहे. तिथे उजेडही नाही आणि कॅमेरा काढावा असं वातावरणही नाही, कारण हे चालतं देऊळ आहे. श्रावणी सोमवारी रांगेतल्या माणसाला आपल्या फ्रेमची पर्वा नसते, आणि नसावीच. हातातल्या कॅमेऱ्याने बाहेरून फोटो काढायला हरकत नाही. पुरातत्त्व खात्याने २०१८ च्या जुलैमध्ये ताजमहालाची कबर, अजिंठा आणि लेहचा राजवाडा एवढे अपवाद ठेवून आपल्या सगळ्या स्मारकांत फोटोला मोकळीक दिली. ट्रायपॉड उघडायचा तर मात्र आधी परवानगी घ्यावी लागते.

मंदिराला लागून वालधुनी वाहते. मंदिराच्या हजारो फोटोंत नदी जवळजवळ दिसत नाही. दिसू नये अशीच फ्रेम धरलेली असते, कारण कारखान्यांचं आणि धुलाई-रंगाईचं पाणी पोटात घेऊन वाहणाऱ्या नदीचा रंग सुंदर फोटोत बसत नाही. उद्या कोणाला या नदीचं वर्षावर्षाचं काय झालं हे बघायचं असेल, तर मंदिराच्या फोटोंच्या डाव्या-उजव्या कोपऱ्यांत चुकून आलेलं पाणी शोधत बसावं लागेल.

डिजिटल इकडे पोचलं ते २००३-०४ च्या आसपास. तेव्हाचे छोटे कॅमेरे पेन्सिल सेलवर चालत, आणि कोंडेश्वरच्या कुंडावर पोचेपर्यंत सेल उतरलेले असत. कॅननची ३००डी २००३ साली आणि निकॉनची डी७० २००४ साली आली, पण इथल्या हौशी मंडळींच्या गळ्यात डीएसएलआर दिसू लागला तो २०१० च्या पुढे, निकॉनची डी३१००, कॅननची ११००डी असली मॉडेल्स हप्त्यावर मिळायला लागल्यावर. १८-५५ ची किट लेन्स, मग पक्ष्यांसाठी लांबची झूम, मग ‘मागचं धूसर व्हावं’ म्हणून पन्नासची लेन्स, हा क्रम ठरलेला. फोर्टमधल्या दुकानांत जायचं, सेकंड हँडला घासाघीस करायची, आणि परतीच्या बदलापूर लोकलमध्ये ती पिशवी छातीशी धरून दरवाज्यापासून आत सरकत राहायचं. हौसेच्या एकूण खर्चात ही धास्ती कोणी धरत नाही.

त्यात इथली हवा. जून ते सप्टेंबर लेन्सच्या आत कोळिष्टकासारखी बुरशी धरते. उल्हास नदीच्या काठच्या इमारतींत तर भिंतीसुद्धा ओल्या असतात. चामड्याच्या केसमध्ये कॅमेरा नीट जपून ठेवणाऱ्याचंच नुकसान होतं, कारण चामडं ओल धरतं. जुन्या लोकांनी कपाटात झिरोचा बल्ब लावून ठेवायची युक्ती काढली होती. आता घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, आत सिलिका जेलच्या पुड्या, आणि दमटपणा दाखवणारं स्वस्तातलं घड्याळ, एवढ्यावर भागतं. खरा उपाय याहून सोपा आहे. कॅमेरा वापरात राहिला, त्याला ऊन-वारा लागला, की बुरशी सहसा धरत नाही.

मग मोबाईल. २०१६ च्या सप्टेंबरनंतर डेटा स्वस्त झाला आणि फोटो पाठवण्यासाठीच काढले जाऊ लागले. मोबाईलचा सेन्सर डीएसएलआरपुढे नखाएवढा असतो, पण तो एका दमात अनेक फ्रेम घेऊन त्या आपसूक जुळवतो. रात्री स्टेशनबाहेरच्या भाजीवाल्याचा फोटो माझ्या जुन्या कॅमेऱ्यापेक्षा शेजारच्या कॉलेजातल्या मुलाच्या फोनमध्ये चांगला येतो, आणि यात वाईट वाटण्यासारखं काही नाही. पक्षी, लांबचं, झटपट हलणारं सोडलं, तर गावातले रोजचे फोटो काढायला वेगळा कॅमेरा लागत नाही. हे मान्य करायला हौशी माणसाला जड जातं, कारण कॅमेरा विकत घेणं हाच या हौसेचा अर्धा भाग आहे. हल्ली तर कॉलेजातली पोरं घरातला वीस वर्षांपूर्वीचा पडीक डिजिटल कॅमेरा शोधून काढतात, त्याचे रंग आवडतात म्हणून.

यंत्र सुधारलं, खर्च शून्यावर आला, तरी फोटो कशाचे निघतात? कोंडेश्वरचं कुंड, बारवी धरण, चिखलोलीचं धरण, टावली आणि मलंगगडाच्या रांगेमागे उतरणारा सूर्य, मंदिर. पावसाळ्यात या यादीवर इतकी गर्दी पडते की धबधब्यांवर जायला दरवर्षी बंदीचे आदेश निघतात, आणि तरी बुडून माणसं जातात. उल्हासच्या काठावर खंड्या, बगळे, पाणकावळे यांच्यामागे पहाटे जाणारी एक वेगळी, शिस्तीची जमात आहे. तिच्याबद्दल मला आदर आहे, कारण ती निदान तारीख आणि जागा लिहून ठेवते.

सगळ्यात कमी फोटो निघतात ते उल्हासनगरचे, आणि बघण्यासारखं सगळ्यात जास्त तिथेच आहे. दुसऱ्या महायुद्धात इथे लष्कराचा कल्याण ट्रान्झिट कॅम्प होता. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या लोकांना त्याच बराकींत बसवलं. ८ ऑगस्ट १९४९ ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हातून वसाहतीला उल्हासनगर नाव मिळालं. पत्ते आजही कॅम्प नंबरानेच सांगतात. फाळणीचे फोटो म्हटले की डोळ्यांपुढे येतात ते पंजाबचे, मार्गारेट बर्क-व्हाइटने काढलेले तांडे. कराचीहून बोटीने मुंबईला आलेल्या सिंधी माणसांचा असा एक फोटो चटकन आठवत नाही. इथल्या घरांत फोटोंचा इतिहासच मुळी १९४७ नंतर सुरू होतो, कारण त्याआधीचे अल्बम पलीकडे राहिले. म्हणून तर इथली बराक, तिच्यापुढे वाढवलेली पत्र्याची पडवी, तिच्यावर चढवलेला मजला, त्या मजल्यावर जीन्सचे गठ्ठे, हे सगळं कोणीतरी धीराने टिपायला हवं होतं. फर्निचर बाजारात पॉलिश करणारे हात, गजानन मार्केटमधले कापडाचे तागे, सकाळी दाल-पकवानच्या गाडीभोवतीची माणसं, चालिहो या सिंधी व्रताच्या शेवटी डोक्यावर मटकी घेऊन निघालेल्या बायका. काही टिपलं गेलंही, पण बहुतेक वेळा बाहेरून आलेल्या बातमीदाराने, तेही इमारत कोसळली की.

का नाही काढत? आळस हे उत्तर अर्धंच आहे. बाजारात कॅमेरा वर केला की पहिला प्रश्न येतो, ‘महापालिकेकडून आलात का?’ ज्या गावात अनधिकृत बांधकामाची टांगती तलवार निम्म्या रस्त्यावर आहे, तिथे फोटो म्हणजे पुरावा. दुकानदाराचा संशय रास्त आहे. यावर मला सापडलेला उपाय गरीब आहे पण चालतो. आधी काहीतरी विकत घ्यायचं, बोलायचं, मग विचारायचं, आणि पुढच्या खेपेला चार बाय सहाची प्रिंट नेऊन द्यायची. प्रिंट हातात पडली की शेटजी स्वतःच शेजारच्याला हाक मारतात, ‘इनका भी निकालो.’ मोबाईलवर पाठवतो म्हटलं तर हे घडत नाही.

स्टेशनवर वेगळीच तऱ्हा. गळ्यात कॅमेरा असला की वर्दीतला माणूस येऊन हटकतो, आणि शेजारी वीस जण मोबाईलवर व्हिडिओ काढत असतात त्यांना कोणी विचारत नाही. कोणाशी वाद घालण्यात अर्थ नसतो. अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीची गोष्ट मात्र निराळी. शस्त्रं-दारूगोळा बनतो ती जागा १९२३ च्या शासकीय गुपिते कायद्याखाली निषिद्ध आहे, तिथे भिंतीचासुद्धा फोटो नको, आणि ड्रोन तर मुळीच नको. त्यामुळे अंबरनाथचा मोठा भाग कायद्यानेच फोटोबाहेर आहे. पण फॅक्टरीची पाळी सुटल्यावर सायकलींचा जो लोंढा रस्त्यावर येत असे, तो कायद्याबाहेर नव्हता. त्याचा फोटो मला अजून भेटलेला नाही.

या पट्ट्याचा सगळ्यात जास्त पाहिला गेलेला फोटो बहुधा २७ जुलै २०१९ चा असेल. बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पुराच्या पाण्यात महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली आणि हजारावर प्रवाशांना बाहेर काढलं, ते हेलिकॉप्टरमधून दिसणारं दृश्य. तपकिरी पाण्यात बेटासारखी गाडी. ज्या गावकऱ्यांनी आधी पोचून मदत केली, त्यांच्या फोनमध्ये जमिनीवरून काढलेले फोटो होते. त्यांतले कितीतरी फोन आज बदलले गेले आहेत. व्हॉट्सॲपवरून फिरलेली प्रत उरली असेल, तर ती लांब बाजूला साधारण १६०० पिक्सेलवर आवळलेली, आणि मूळ फाइलमधली तारीख-जागा पुसलेली. २०२३ च्या ऑगस्टपासून ‘एचडी’ची सोय आली, पण ती दाबावी लागते, आणि तारीख-जागा तरीही जातेच.

त्या पुराच्या चौदा वर्षं आधी, २६ जुलै २००५ ला, सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा इकडे उल्हासही घरांत शिरली होती. कपाटाच्या खालच्या खणात ठेवलेले अल्बम भिजले. लोकांनी ते उन्हात वाळत घातले, आणि पानं एकमेकांना कायमची चिकटली. ओले, चिकटलेले फोटो वाळू द्यायचे नसतात. स्वच्छ गार पाण्यात बुडवून हळूहळू सोडवायचे आणि मग चित्राची बाजू वर करून सावलीत एकेक सुकवायचे. लगेच जमत नसेल तर पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवले तरी वेळ मिळतो. तरी सांगायला हवं की भिजलेल्या अल्बममधले पुष्कळ फोटो वाचले, आणि त्याच सुमाराच्या सीडी आणि बंद पडलेल्या हार्ड डिस्कमधले बहुतेक गेले.

शेजारपाजारचे फोटो चिकाटीने काढण्याला परदेशात मोठी परंपरा आहे. मला त्यांतला जवळचा वाटतो तो अमेरिकेतल्या बफेलो गावचा मिल्टन रोगोविन. पेशाने चष्म्याचा डॉक्टर. १९७२ पासून त्याने आपल्या दवाखान्याच्या आसपासच्या गरीब वस्तीतल्या माणसांचे फोटो काढले, आणि पुढच्या तीन दशकांत पुन्हा पुन्हा जाऊन त्याच माणसांचे, त्याच दारात काढले. आपल्याकडे सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांबरोबर, संदेश भंडारे यांनी तमाशाच्या फडांबरोबर असंच दीर्घ काम केलं. ही व्यावसायिक माणसं. हौशी माणसाला त्याहून सोपं काम पुरतं, कारण त्याला कुठे जायचंच नाही. तो तिथेच राहतो.

आणि वेळ आत्ताची आहे. जनगणनेनुसार कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या २००१ मध्ये ९८ हजारांच्या आत होती, २०११ मध्ये ती १ लाख ७४ हजारांवर गेली, आणि त्यानंतरची वाढ तर नुसत्या टॉवरवरून दिसते. कल्याण-बदलापूर तिसऱ्या-चौथ्या मार्गिकेमुळे रुळालगतचं बरंच काही हलणार आहे. उल्हासनगरच्या बराकी एकेक करून पुनर्विकासात चालल्या आहेत. स्वतःच्या गल्लीच्या तोंडाशी दरवर्षी एकाच जागेवर उभं राहून, एकाच उंचीवरून फोटो काढला तरी दहा वर्षांत जे जमेल ते कुठल्याही सरकारी कागदात मिळणार नाही. त्यात पाट्या वाचता याव्यात. भाव लिहिलेले फलक यावेत. माणसं यावीत, नुसते ढग नकोत.

ठेवायचं कुठे, हा राहिलेला प्रश्न. बदलापूरला ग्रंथसखा वाचनालयाने दुर्मीळ मराठी पुस्तकं आणि नियतकालिकं जमवली, ती एका माणसाच्या ध्यासातून. फोटोंसाठी तसं ठिकाण या तीन गावांत माझ्या पाहण्यात नाही. तोवर घरचाच डबा. वर्षाकाठी निवडक प्रिंट काढाव्यात, मूळ फाइल दोन ठिकाणी ठेवाव्यात, आणि प्रिंटच्या मागे कडेला मऊ पेन्सिलीने लिहावं: तारीख, रस्ता, कोणत्या दिशेला तोंड करून काढला, दिसणाऱ्या माणसांची नावं. बॉलपेन वापरू नये, त्याचा दाब पुढच्या बाजूला उमटतो आणि एकावर एक ठेवलेल्या प्रिंटला शाई लागते. डबा कपाटाच्या वरच्या खणात ठेवावा. खालच्या खणात पाणी येतं.